सर्व्हरवर कॅड मॉडेल आपोआप पब्लिश होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या एमआयडीसीत यंत्रमागांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डिझाइन खात्यात मी कॅडचा (संगणकावर काढलेल्या डिझाइनचा) सर्व्हर सांभाळतो. दिवसातून चार-पाचदा तरी कुणीतरी टेबलापाशी येऊन उभं राहतं. "अण्णा, चेक-इन केलं (फाइल सर्व्हरवर जमा केली), पण पीडीएफ काही येईना." शेजारच्या कारखान्यांतले ओळखीचे लोकही फोन करतात. तीच ती उत्तरं देऊन घसा कोरडा पडला, म्हणून हे पान. डिझाइनच्या फाइल्स आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळायला आमच्याकडे विंडचिल आहे, शेजारी एकाकडे व्हॉल्ट, दुसऱ्याकडे सॉलिडवर्क्स पीडीएम. नावं वेगळी असली तरी दुखणी बहुतेक सारखीच, त्यामुळे तिन्हींचं एकत्रच लिहिलंय.

पब्लिश होतं म्हणजे नेमकं काय होतं?

तुम्ही मॉडेल चेक-इन केलंत तरी सर्व्हर ते स्वतः उघडत नाही. तो फक्त रांगेत एक चिठ्ठी, म्हणजे जॉब, लावतो: अमुक फाइल, अमुक आवृत्ती, हिची पीडीएफ आणि हलकं मॉडेल करायचंय. ती चिठ्ठी उचलतं दुसरंच मशीन. विंडचिलमध्ये त्याला कॅड वर्कर म्हणतात, व्हॉल्टमध्ये जॉब प्रोसेसर, सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये टास्क होस्ट. त्या मशीनवर खरंखुरं कॅड, म्हणजे क्रिओ, इन्व्हेंटर किंवा सॉलिडवर्क्स, बसवलेलं असतं. ते फाइल उतरवून घेतं, उघडतं, रूपांतर करतं आणि तयार माल परत सर्व्हरवर चढवून मूळ फाइलला जोडतं. मग शॉप फ्लोअरवरचा माणूस कॅड न उघडता तेच मॉडेल ब्राउझरमध्ये फिरवून बघतो.

हा वर्कर (पुढे तिन्हींना मी हेच म्हणतो) म्हणजे रात्रपाळीचा असा गडी, की ज्याला दिसत नाही आणि सुपरवायझरला विचारायला जाता येत नाही. समोर काही अनपेक्षित आलं की तो हातातलं काम धरून तसाच उभा राहतो. खालच्या बहुतेक तक्रारींची मुळं इथेच आहेत, म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: हीच फाइल त्या मशीनवर, त्याच लॉगिनने, समोर कुणी नसताना उघडली तर काय होईल?

माझ्या मशीनवर तर मॉडेल मस्त उघडतंय. तिथेच का फेल जातं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि "सर्व्हर खराब आहे" हे त्याचं उत्तर जवळजवळ कधीच नसतं. तुमच्या मशीनवर तुम्ही तीन-चार वर्षं संसार मांडलेला असतो. झेड ड्राइव्ह जोडलेला असतो, नट-बोल्टची लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते क्रिओच्या कॉन्फिग फाइलला सांगून ठेवलेलं असतं, टायटल ब्लॉकचा फॉरमॅट तुमच्याच डेस्कटॉपवर पडलेला असतो. वर्करच्या मशीनवर यातलं काहीच नसतं.

झेड ड्राइव्हचं दुखणं तर ठरलेलं. विंडोजमध्ये जोडलेलं ड्राइव्हचं अक्षर त्या-त्या लॉगिनपुरतं असतं. तुम्ही लॉगिन करून झेड जोडलात, म्हणून त्याच मशीनवर सर्व्हिस म्हणून (कुणी लॉगिन न करता मागे) चालणाऱ्या प्रोग्रामला तो दिसेलच असं नाही, बहुधा दिसत नाहीच. टेम्पलेट, फॉरमॅट, मटेरियलची फाइल, सगळीकडे दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. आणि त्या शेअर्ड फोल्डरवर वर्करच्या खात्याला किमान वाचायची परवानगी आहे का तेही बघा. तुम्हाला परवानगी आहे, त्याला नाही, असं हमखास निघतं.

खरी तपासणी अशी करायची. वर्करच्या मशीनवर वर्करच्याच खात्याने लॉगिन करा. तुमच्या नाही, ॲडमिनच्याही नाही. तीच फाइल हाताने उघडा, हातानेच पीडीएफ काढा आणि स्क्रीनकडे बघत बसा. बहुतेक वेळा पाच मिनिटांत कारण समोर येतं. लोक हे सोडून दोन दिवस सेटिंग चाळत बसतात.

जॉब तासन्‌तास 'चालू' दाखवतो. ना पास, ना फेल.

कुठेतरी एक खिडकी उघडी आहे आणि ती 'ओके'ची वाट बघतेय.

एका जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत आमचं असंच झालं. यात्रेमुळे अर्धं खातं सुट्टीवर, कुणी लक्ष दिलं नाही. तीन दिवसांनी बघतो तर सगळे जॉब एकाच जॉबच्या मागे तुंबलेले. वर्करच्या मशीनपाशी गेलो तर त्याचा मॉनिटर जागेवर नाही, कुणीतरी क्यूसीत (तपासणी खात्यात) नेऊन जोडलेला. तो परत आणला, केबल लावली, धूळ पुसली. पडद्याच्या मधोमध एक छोटी राखाडी खिडकी: तुमच्या लायसन्सची मुदत पंधरा दिवसांत संपत आहे. खाली एकच बटण. ते दाबलं आणि रांग धडाधड हलायला लागली.

हा निदान लॉगिन करून चालवलेला प्रोग्राम होता, म्हणून खिडकी दिसली तरी. वर्कर सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तीही दिसत नाही. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस सेशन शून्यात, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसापासून वेगळ्या कप्प्यात, चालतात, आणि तिथे उघडलेली खिडकी तुमच्या पडद्यावर येत नाही. प्रोग्राम मात्र तिच्या उत्तरासाठी थांबून राहतो.

अशा खिडक्या कोणत्या? नव्या खात्याने कॅड पहिल्यांदा उघडलं की येणारी स्वागताची आणि अटी मान्य करण्याची. क्रॅशनंतर 'फाइल परत मिळवायची का' विचारणारी. हरवलेल्या पार्टला 'शोधू की सोडू' म्हणणारी. नवीन अपडेटची. प्रिंटर सापडत नाही म्हणणारी. उपाय एकच: वर्करच्या खात्याने एकदा बसून या सगळ्यांना उत्तर द्या, जिथे 'पुन्हा दाखवू नका' असेल तिथे टिक करा, आणि कॅडच्या सेटिंगमध्ये बंद करता येतील त्या सूचना बंद करा. नवी आवृत्ती बसवली की हे सगळं पहिल्यापासून.

अडकलेला जॉब नुसता रद्द करून भागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये कॅडचा जुना प्रोसेस तसाच बसलेला असतो. क्रिओचा असेल तर एक्सटॉप नावाने दिसेल. तो संपवा, मग वर्कर सुरू करा. नाहीतर जुनं भूत लायसन्स धरून बसतं आणि नव्याला मिळत नाही.

जॉब रांगेत आहे, पण त्याची सुरुवातच होत नाही.

रांग बंद आहे किंवा उचलणारा बंद आहे, तिसरं कारण क्वचित. विंडचिलमध्ये आधी क्यू मॅनेजमेंटमध्ये पब्लिशची रांग सुरू आहे का बघा, मग वर्कर एजंटच्या पानावर वर्कर सुरू आहे का ते. सर्व्हर मध्येच बंद पडला असेल तर एखादी नोंद 'चालू आहे' अशाच अवस्थेत अडकून मागच्यांची वाट अडवते. व्हॉल्टमध्ये सेटिंगमध्ये जॉब सर्व्हर चालू केलाय का आणि जॉब प्रोसेसरला त्या प्रकारचं काम करायची मुभा दिली आहे का ते बघा. सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये टास्क होस्टवर त्या टास्कला टिक आहे का, आणि तिथे कुणी लॉगिन केलंय का.

सकाळी फेल, दुपारी तोच जॉब पास. हे काय गौडबंगाल?

लायसन्स. सकाळी साडेनऊ-दहाला सगळे खुर्चीत बसतात, चहा यायच्या आत कॅड उघडतात आणि शेअर्ड लायसन्स संपतात. वर्करलाही माणसासारखंच एक लायसन्स लागतं. त्याला मिळालं नाही की जॉब फेल. दुपारी डबे उघडतात, दोघं-तिघं कॅड बंद करून जातात आणि तोच जॉब निमूट पास होतो. वेळ आणि फेल जॉब समोरासमोर मांडून बघा, चित्र लगेच दिसतं.

आमच्या तिन्ही कारखान्यांतले लायसन्स मॅनेजर फ्लेक्सनेटच्या घराण्यातले आहेत. त्याच्या ऑप्शन फाइलमध्ये 'रिझर्व्ह' ओळ लिहून एक लायसन्स वर्करच्या खात्यासाठी किंवा मशीनसाठी राखून ठेवता येतं. 'टाइमआउट' ओळीने, कॅड उघडं ठेवून गायब झालेल्याचं लायसन्स काही वेळाने परत घेता येतं, अर्थात कॅड कंपनीने ती सोय ठेवली असेल तरच. एक लायसन्स मशीनसाठी बाजूला ठेवायचं म्हटलं की मालकांच्या कपाळावर आठ्या येतात, मला माहीत आहे. पण जुन्या ड्रॉइंगवर मागाच्या फणीचा एक लॉट चुकीचा कापला गेला तर तो खर्च कुठे लिहायचा, हे एकदा विचारून बघा. नाहीच जमलं तर तातडीचे सोडून बाकीचे जॉब रात्री आठनंतर चालवा.

सुटे पार्ट पास होतात, असेंब्लीच फेल जाते.

असेंब्ली उघडायची म्हणजे तिचं सगळं गोत गोळा करावं लागतं. एक जरी नातेवाईक सापडला नाही तरी वर्कर अडतो. बहुधा कुणीतरी पार्ट स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवून असेंब्लीत जोडलेला असतो आणि चेक-इन करताना आलेली सूचना न वाचता पुढे गेलेला असतो. त्याच्या मशीनवर सगळं जागेवर दिसतं, वर्करकडे तो पार्टच नसतो.

तसंच फॅमिली टेबलचं, म्हणजे एका मूळ मॉडेलवरून (जेनेरिक) वेगवेगळ्या मापांचे पार्ट (इन्स्टन्स) काढण्याचं. आमच्याकडे धोट्याच्या पेटीचे बोल्ट एकाच जेनेरिकमधून निघतात. जेनेरिक एकाने बदललं, इन्स्टन्स दुसऱ्याने जुनेच ठेवले, की री-जनरेट करताना (मॉडेल पुन्हा घडवताना) वर्कर आपटतो. तुमच्याकडे ते आधीच री-जनरेट झालेलं मेमरीत पडून असतं, म्हणून तुम्हाला चूक दिसत नाही. कॅड पूर्ण बंद करून, मेमरी रिकामी करून, असेंब्ली सर्व्हरवरून ताजी उघडा. तिथे लाल झालं तर वर्करचा काही दोष नाही.

आणखी एक गोष्ट. वर्कर पार्टची शेवटची आवृत्ती घेतो की असेंब्ली चेक-इन झाली तेव्हाची, हे पब्लिशच्या नियमात ठरवलेलं असतं. तुमच्या पडद्यावर शेवटची असते. दोन्हींत मेळ नसेल तर जॉब पास होऊनही चित्र वेगळं येतं, आणि मग फेल जाण्यापेक्षा मोठा घोळ होतो.

पीडीएफ आली, पण मराठी टिपांच्या जागी भलतंच दिसतंय.

आमच्याकडे ऑपरेटरसाठी ड्रॉइंगवर मराठीत टीप लिहायची पद्धत आहे: "कडा मारून घ्या", "या बाजूने ग्राइंडिंग नको" वगैरे. काय दिसतंय यावरून रोग ओळखता येतो.

इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर टीप जुन्या पद्धतीच्या फॉन्टात, कृतीदेव किंवा जुनी श्रीलिपी अशा कशात तरी, टाइप केलेली आहे. या फॉन्टांत आतून साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. वर्करवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. चौकोन दिसत असतील तर टीप युनिकोडात (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या पद्धतीत) आहे, पण जो फॉन्ट वापरला जातोय त्यात देवनागरी नाही.

आता गंमत बघा. आमच्याकडे फॉन्ट वर्करवर बसवला होता, मी स्वतः बसवला होता, तरी चौकोन येतच होते. दीड दिवस गेला. विंडोज १० मध्ये २०१८ पासून फॉन्टवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबलं की तो फक्त त्या वापरणाऱ्यापुरता बसतो. मी ॲडमिनच्या खात्याने बसवला होता, वर्कर दुसऱ्याच खात्याने चालत होता. उजवं क्लिक करून 'सर्व वापरकर्त्यांसाठी' बसवल्यावर मिटलं. मंगल फॉन्टबाबतही जपून: विंडोज १० पासून तो सुरुवातीपासून बसवलेला असेलच असं नाही, देवनागरीच्या जादा फॉन्टांमध्ये वेगळा घ्यावा लागतो. निर्मला यूआय मात्र विंडोजसोबतच येतो, म्हणून नव्या ड्रॉइंगसाठी आम्ही तोच ठरवून टाकलाय.

अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, असं असेल तर फॉन्ट बदलून उपयोग नाही. तो कॅड प्रोग्रामच देवनागरी नीट जुळवत नाही. आम्ही अशा ठरावीक टिपांची चित्रं करून ठेवली आहेत, तीच चिकटवतो. देखणा उपाय नाही, पण ऑपरेटरला वाचता येतं.

फाइलच्या नावात मराठी किंवा मोकळी जागा चालते का?

टाळा. एखाद्या कॅडमध्ये चालेल, पण मधल्या कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये अडेल. क्रिओच्या बऱ्याच आवृत्त्यांत तर मॉडेलच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा आहे आणि मोकळी जागा चालतच नाही.

नावापेक्षा जास्त घात लांबलचक पत्ता करतो. विंडोजची जुनी मर्यादा पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची आहे. २०१६ नंतरच्या विंडोज १० मध्ये ती उठवता येते, पण प्रोग्रामनेही ती सोय मानली पाहिजे, आणि कॅडसोबतची जुनी हत्यारं बहुधा मानत नाहीत. तुमच्याकडे फाइल आठव्या पायरीच्या फोल्डरात असूनही उघडते, कारण मोजमाप काठावर असतं. वर्कर ती स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरात उतरवताना पुढे आणखी साठ-सत्तर अक्षरं जोडतो आणि मर्यादा ओलांडते. वर्करचं कामाचं फोल्डर थेट डी ड्राइव्हवर एक-दोन अक्षरी नावाचं ठेवा. फुकटातला उपाय आहे.

लाइट गेली, परत आली. तेव्हापासून एकही जॉब झाला नाही.

याचं उत्तर मोठं आहे, कारण हे आपल्याकडे वारंवार होतं.

पहिलं, मशीन सुरू तरी झालं का? बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो, अशी सोय असते, ती चालू करा. दुसरं, सुरू झालं पण लॉगिनच्या पडद्यावरच थांबलंय का? व्हॉल्टचा जॉब प्रोसेसर आणि सॉलिडवर्क्स पीडीएमचा टास्क होस्ट यांना लॉगिन केलेलं खातं लागतं. मशीन चालू आहे, हिरवा दिवा आहे, पिंगला उत्तर देतंय, म्हणून सगळे निर्धास्त. आत मात्र कुणी नाही. आपोआप लॉगिन लावायचं असेल तर त्या खात्याला कमीत कमी अधिकार द्या आणि खोलीला कुलूप ठेवा.

तिसरं, क्रम. आधी नेटवर्कचा स्विच, मग लायसन्स सर्व्हर, डेटाबेस, त्यानंतर मुख्य सर्व्हर, आणि शेवटी वर्कर. लाइट आल्यावर सगळी एकदम उठतात, त्यात वर्कर सगळ्यात आधी तयार होतो, लायसन्स मागतो, मिळत नाही, हात टेकतो. वर्करला दहा मिनिटं उशिरा सुरू करायचं टास्क शेड्युलरमध्ये लावून टाका.

चौथं कारण सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही: घड्याळ. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असेल तर लाइट गेल्यावर मशीन कित्येक वर्षं मागे जातं. डोमेनच्या (सगळी खाती एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या) नेटवर्कवर लॉगिन तपासणारी केरबेरॉस पद्धत मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, आणि सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्रही "अजून लागू झालेलं नाही" असं त्याला वाटतं. लॉगमध्ये दिसतं लॉगिन चुकलं म्हणून. पासवर्ड बदलत बसतो आपण, आणि खरा गुन्हेगार असतो कोपऱ्यातल्या दुकानात मिळणारा नाण्याएवढा सेल.

उन्हाळ्यात जास्त जॉब फेल जातात, हा भास आहे का?

भास नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, आणि वर्कर बहुतेक ठिकाणी जिन्याखालच्या पार्टिशनच्या खोलीत असतो, जिथे एसी "साहेब आले की" लागतो. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मग वीस मिनिटांचा जॉब पस्तीस मिनिटं घेतो, टाइमआउट (जॉबला दिलेली कमाल वेळ) तीस मिनिटांवर, जॉब फेल. फाइलमध्ये काही बदललेलं नसतं, म्हणून लोक चक्रावतात. पंखे आणि जाळ्या साफ करा. आमच्याकडे तर शेजारच्या शेडमधला कापसाचा तंतू महिन्याभरात जाळी बुजवतो. यूपीएसच्या शिसे-ॲसिड बॅटऱ्याही बघा: २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

टाइमआउट वाढवला की झालं ना?

एखाद्या मोठ्या असेंब्लीसाठी वाढवावाच लागतो. डॉबीसकट पूर्ण माग पब्लिश करायचा तर वेळ लागणारच. पण सगळ्यांसाठी चार तास करून ठेवलात तर एखाद्या खिडकीपाशी अडकलेला जॉब चार तास रांग अडवून बसेल. हातानं तीच असेंब्ली वर्करवर पब्लिश करून वेळ मोजा आणि त्याच्या दुप्पट ठेवा. त्याआधी बघा की त्या मागावरच्या प्रत्येक बोल्टाला खरे आटे काढलेले नाहीत ना. आमच्या एका उत्साही पोराने काढले होते.

आठवड्यापूर्वी सगळं चालू होतं, काहीच बदललं नाही, आणि आता सगळेच जॉब फेल.

"काहीच बदललं नाही" हे वाक्य मी ऐकून घेतो आणि मग शोधायला लागतो. वर्करच्या खात्याचा पासवर्ड संपलाय का? विंडोज डोमेनमध्ये मूळ मुदत ४२ दिवसांची असते, आणि माणसाला सूचना दिसते, वर्करला नाही. रात्री विंडोज अपडेटने मशीन रीस्टार्ट झालंय का? डिस्क भरली का? फेल गेलेले जॉब तात्पुरत्या फाइल मागे सोडून जातात, आणि सी ड्राइव्ह हळूहळू गच्च होतो. अँटीव्हायरसने नव्या अपडेटनंतर कामाचं फोल्डर तपासायला घेतलं का? ते फोल्डर आणि कॅडचं फोल्डर तपासणीतून वगळा. आणि कुणी आपल्या मशीनवर कॅडची पुढची आवृत्ती बसवली का? वरच्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल खालच्या आवृत्तीचा वर्कर उघडत नाही. अपग्रेड करायचं तर वर्कर आधी, माणसं नंतर.

जॉब पास झाला, पण बघताना जुनंच मॉडेल दिसतं.

ब्राउझरची आणि व्ह्यूअरची साठवण रिकामी करून बघा. तरी तेच दिसलं तर चित्र कोणत्या आवृत्तीला जोडलंय ते वाचा. विंडचिलमध्ये प्रत्येक इटरेशनचं (दर चेक-इनला होणाऱ्या आवृत्तीचं) चित्र वेगळं असतं. तुम्ही दहा मिनिटांत दोनदा चेक-इन केलंत तर पहिल्याचं तयार होतं आणि दुसऱ्याचं अजून रांगेत असतं.

शनिवारी हजारभर जुन्या फाइल्स एकदम चेक-इन केल्या. सोमवारी सगळे माझ्यावर ओरडतायत.

ओरडणारच. विंडचिलमध्ये पब्लिशच्या रांगांना जास्त, मध्यम, कमी असा अग्रक्रम देता येतो. थोकातलं काम कमीवर टाका, रोजचं वरच्यावर. आणि इतकं करण्याआधी मला सांगा, मी रविवारी बसून बघेन.

वर्कर मुख्य सर्व्हरवरच बसवला तर एक मशीन वाचेल की.

वाचेल. आणि एका मोठ्या असेंब्लीने मेमरी खाल्ली की सगळ्यांचं चेक-इनही बंद पडेल. नको.

फेल झाला की आपोआप पुन्हा प्रयत्न कर, असं लावून ठेवू का?

लायसन्स न मिळणं, नेटवर्क तुटणं यांसाठी लावा, दोन-तीन वेळांपुरतं. फाइलच बिघडलेली असेल तर ती दहाव्यांदाही फेलच जाणार आणि दरवेळी वर्करला अर्धा तास कोंडून ठेवणार. अशी एक फाइल रांग रात्रभर खाऊ शकते. तिला बाजूला काढा, बाकीच्यांना जाऊ द्या.

लॉगमध्ये नेमकं काय वाचायचं? इतक्या ओळी असतात.

तळाची ओळ वाचू नका. तिथे फक्त "पब्लिश अयशस्वी" असतं, जे तुम्हाला आधीच माहीत आहे. जॉब सुरू झाल्याची वेळ शोधा आणि तिथून खाली येत पहिली चूक बघा. नंतरच्या चुका बहुतेक तिचीच पिल्लं असतात. आणि लॉग दोन ठिकाणी असतात: एक सर्व्हरवर, एक वर्करवर. सर्व्हरचा लॉग म्हणतो, वर्करने उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते वर्करच्या लॉगमध्येच सापडतं. दोन्ही मशीनची घड्याळं जुळलेली असतील तरच ते शेजारी ठेवून वाचता येतात, म्हणून पुन्हा एकदा, घड्याळ बघा.

एक सोपी पारख: एक साधा ठोकळा काढा, फक्त एक एक्स्ट्रूड (सपाट आकार ओढून जाडी दिलेला), आणि चेक-इन करा. तो पास झाला तर यंत्रणा ठीक, दोष तुमच्या फाइलमध्ये. तोही फेल गेला तर तुमच्या फाइलला हात लावू नका, वर्करकडे जा. आम्ही असा ठोकळा सर्व्हरवर कायम ठेवलाय आणि रोज सकाळी नऊला तो आपोआप पब्लिश होतो. नाव आहे 'शेंगदाणा'.

तुमच्याकडे तक्रार करताना काय-काय पाठवायचं?

फाइलचा नंबर, आवृत्ती, चेक-इनची वेळ, जॉबचा नंबर आणि एररचा मजकूर कॉपी करून. मॉनिटरचा मोबाइलवर तिरका काढलेला फोटो, ज्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर एररच्या नंबरावर पडलेलं असतं, तो नको. "काहीतरी एरर आली होती, मी बंद केली" हेही नको. आणि तक्रार करण्याआधी 'शेंगदाणा' पास झालाय का ते बघून या. झाला नसेल तर मला आधीच कळलेलं असतं, आणि मी जिन्याखालच्या खोलीत असतो. फोन तिथे लागत नाही, वरून हाक मारा.